दयेच्या अर्जाची चौकशी

जून २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी कर्नाटकातल्या एका सिद्धदोष बंद्याची फाशी जन्मठेपेत बदलली. बंदी बेळगावच्या कारागृहातला. आदेश निघाला, बातमी छापून आली आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की ज्याला जीवदान मिळाले तो माणूस ऑक्टोबर २००७ मध्येच तुरुंगात आजाराने मेला आहे. जवळजवळ पाच वर्षे त्याची नस्ती दिल्लीत जिवंत होती. टिपण्या लिहिल्या जात होत्या, सह्या होत होत्या, मुद्देसूद विचार चालू होता.

या प्रकरणावर लोक हसले, ते स्वाभाविकच आहे. पण हसून झाल्यावर विचारायचा प्रश्न असा, की ‘अर्जदार हयात आहे काय?’ ही एका ओळीची चौकशी नेमकी कोणाच्या कामात बसत होती? कारागृहाच्या? राज्याच्या गृह विभागाच्या? केंद्रीय गृह मंत्रालयातल्या न्यायविषयक शाखेच्या? उत्तर शोधू गेल्यास प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवते. हे पुस्तक त्या टेबलांबद्दल आहे. दयेचा अर्ज आला की त्याची शहानिशा करणारा सरकारी माणूस काय करतो, त्याने काय करायला हवे आणि त्याच्या कामावर किती भार असतो, हा याचा विषय. दया करावी की करू नये, फाशी असावी की नसावी, यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. चौकशीवर फारसे कोणी लिहिलेले नाही.

राज्यघटनेच्या ७२ व्या कलमाने राष्ट्रपतींना आणि १६१ व्या कलमाने राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, कमी करण्याचा, बदलण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरायचा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. १९८० च्या मारूराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. इंदिरा गांधी हत्या खटल्यातील केहरसिंग याच्या अर्जाच्या निमित्ताने १९८८ मध्ये न्यायालयाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या आणि चौकशीच्या कामाच्या दृष्टीने त्या फार मोलाच्या आहेत. पहिली, राष्ट्रपती पुरावा नव्याने तपासू शकतात आणि न्यायालयांपेक्षा वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात. दुसरी, अर्जदाराला समोर बसवून तोंडी म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे असा त्याचा हक्क नाही. म्हणजे अधिकार अफाट, पण तो चालवायचा फक्त कागदावर. ज्याच्या सहीने माणूस जगणार किंवा मरणार, तो त्या माणसाला कधी पाहणार नाही. त्याच्या आईला, गावाला, मेलेल्याच्या घराला पाहणार नाही. त्याच्यासमोर येईल ती नस्ती. मग ती नस्ती कोणी भरली, कशी भरली, काय घातले आणि काय राहून गेले, यावरच सगळे येऊन ठेपते.

आपल्याकडे ‘दया-अर्ज चौकशी अधिकारी’ असे पद नाही. काम मात्र आहे आणि ते वाटून टाकलेले आहे. कारागृह अधीक्षक बंद्याच्या वर्तणुकीचा अहवाल देतात. वैद्यकीय अधिकारी प्रकृतीबद्दल लिहितात. पोलीस ठाण्याकडून पूर्वीचे गुन्हे, घरची स्थिती, सुटल्यास काय होईल याचा अभिप्राय मागवला जातो. हा अभिप्राय बहुधा त्या बीटचा हवालदार गावात जाऊन, पोलीस पाटलाकडे चहा घेऊन, दोन जबाब नोंदवून तयार करतो. मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव असेल तर जिल्हाधिकारी आणि परिवीक्षा अधिकारीही येतात, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत येते. हे सगळे मंत्रालयात गृह विभागाच्या कक्ष अधिकाऱ्यासमोर जमते. तो टिपणी तयार करतो. अवर सचिव, उपसचिव, सचिव असे करत ती मंत्र्यांपर्यंत आणि पुढे राज्यपालांकडे जाते. तिथून नकार आला तर हाच प्रवास दिल्लीत पुन्हा.

या साखळीत सगळ्यांत कमी पगाराचा माणूस सगळ्यांत जास्त पाहून येतो आणि सगळ्यांत कमी लिहितो. त्याचा अहवाल वाचला तर शेवटचे वाक्य ठरलेले असते: सदर इसमाची सुटका झाल्यास कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य खोटे कधीच ठरत नाही, कारण ते काही म्हणतच नाही. कोणाच्याही सुटकेने काहीही होण्याची शक्यता नाकारता येत नाही. लिहिणारा सुरक्षित राहतो, वाचणाऱ्याच्या हाती शून्य येते आणि वर जाताना त्याच शून्याचा ‘पोलीस अहवाल प्रतिकूल’ असा सारांश होतो. मला या सबंध व्यवस्थेत सर्वांत जास्त राग या वाक्याचा आहे.

विचारायचे काय, हे काही गुपित नाही. फाशीच्या अर्जांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने ठरवलेले मुद्दे न्यायालयीन निकालांत छापून आलेले आहेत. बंद्याचे वय, लिंग, बौद्धिक दुर्बलता, गुन्ह्याची परिस्थिती, अपील ऐकणाऱ्या न्यायालयाने पुराव्याबद्दल शंका व्यक्त करूनही दोषी ठरवले होते काय, नवा पुरावा मिळू शकतो असे म्हणणे आहे काय आणि असल्यास नव्याने चौकशी करणे योग्य ठरेल काय, उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून किंवा शिक्षा वाढवून फाशी दिली आहे काय, न्यायाधीशांमध्ये मतभेद झाला होता काय, टोळीने केलेल्या खुनात नेमकी कोणाची जबाबदारी किती, हे नीट ठरले आहे काय, तपास आणि खटला अतोनात लांबला काय. यादी चांगली आहे. जन्मठेपेच्या मुदतपूर्व सुटकेसाठी लक्ष्मण नसकर खटल्यात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने पाच प्रश्न सांगितले: गुन्ह्याचा परिणाम व्यक्तीपुरता होता की समाजावर झाला, तो पुन्हा घडण्याचा संभव किती, गुन्हा करण्याची ताकद आता उरली आहे काय, आणखी डांबून काही साधणार आहे काय, आणि कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती काय. हे प्रश्न साधे दिसतात. पण त्यांतल्या एकाचेही उत्तर ठाण्यात बसून देता येत नाही.

दया आणि मुदतपूर्व सुटका या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे इथेच सांगून ठेवतो, कारण वर्तमानपत्रांतही त्यांची सरमिसळ होते. एक घटनेतली, दुसरी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातली. दुसरीत शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत महत्त्वाचे आणि कोणत्या राज्याने निर्णय घ्यायचा हेही ठरलेले. बिल्किस बानो यांच्यावरील सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात मुंबईच्या विशेष न्यायाधीशांचे आणि सीबीआयचे मत सुटकेच्या विरुद्ध होते. तरी गुजरातने शिक्षा झालेल्या अकरा जणांना सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण खटला मुंबईत चालला असल्याने अधिकार महाराष्ट्राचा होता. तिथे चौकशीने हात टेकले नव्हते. कागद बोलत होता, ऐकणाऱ्यांनी कान बंद ठेवले होते.

मात्र कागद मुका असला तर काय होते, त्याची उदाहरणे अधिक आहेत आणि ती दोन्ही बाजूंची आहेत. उत्तर प्रदेशात खुनासाठी जन्मठेप झालेल्या एका आमदाराची उरलेली शिक्षा राज्यपालांनी माफ केली; दोन वर्षेही आत न काढता तो बाहेर आला. त्याच्यावर इतरही गंभीर गुन्हे होते, त्याचा आधीचा अर्ज फेटाळला गेला होता, कारागृहातले वर्तन चांगले नसल्याचा अहवाल होता. यांतले काहीही राज्यपालांसमोर ठेवलेच गेले नव्हते. स्वरणसिंग खटल्यात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. उलट बाजू पश्चिम बंगालची. फाशीची शिक्षा झालेल्या धनंजय चॅटर्जीच्या अर्जावर निर्णय घेताना त्याच्या बाजूने जाणाऱ्या गोष्टी राज्यपालांच्या निदर्शनास आणल्या गेल्या नव्हत्या, म्हणून न्यायालयाने फेरविचार करायला लावला. फेरविचारातूनही त्याची फाशी टळली नाही. ऑगस्ट २००४ मध्ये ती अमलात आली. पण मुद्दा मान्य झाला तो झालाच. एकाच्या नस्तीतून वाईट गळले, दुसऱ्याच्या नस्तीतून बरे गळले. गाळणारा हात दोन्हीकडे निनावी.

तिसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. आंध्र प्रदेशात २००५ मध्ये एका राजकीय कार्यकर्त्याची उरलेली शिक्षा राज्यपालांनी माफ केली. राज्यपाल होते सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. एपुरू सुधाकर खटल्यात पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि निकालात जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावर कडक ताशेरे ओढले. त्या अहवालात, बंदी हा सत्ताधारी पक्षाचा चांगला कार्यकर्ता आहे, ही त्याच्या बाजूची गोष्ट म्हणून नोंदवली होती! माणूस सुधारला की नाही हे ज्याने पाहायचे, त्याने पक्ष पाहिला. शिंदे पुढे केंद्रात गृहमंत्री झाले आणि कसाबसकट अनेकांच्या दयेच्या नस्त्या त्यांच्या टेबलावरून गेल्या. तरुणपणी ते सोलापूरच्या न्यायालयात नोकरीला होते, नंतर पोलीस खात्यात उपनिरीक्षक होते. खालच्या टेबलावर कागद कसा तयार होतो, हे प्रत्यक्ष पाहिलेला गृहमंत्री देशाला क्वचितच मिळाला असेल. तरी राज्यपाल म्हणून त्यांच्यासमोर आलेला कागद त्यांनाही गोत्यात घालून गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ओळखीच्या माणसाची दया लवकर होते, ही आपल्याकडची जुनी गोष्ट. नौदल अधिकारी कावस नानावटींना जन्मठेप झाली. अपिलाच्या काळात त्यांना नौदलाच्या ताब्यात राहता यावे म्हणून मुंबईच्या राज्यपालांनी १९६० मध्ये शिक्षाच स्थगित केली होती. सर्वोच्च न्यायालयाला ते पटले नाही. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली आणि त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही. नानावटींच्या हातून मेलेल्या आहुजाच्या बहिणीने आपली हरकत नसल्याचे लिहून दिले होते. नानावटींना माफी मिळायला नको होती असे मी म्हणत नाही. पण तिथे नामांकित वकील होते, वर्तमानपत्रे होती, दिल्लीपर्यंत पोच होती. चौकशी करणाऱ्याला शोधायला काही उरलेच नव्हते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार फाशीच्या छायेत असलेल्या बंद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. त्यांच्यासाठी शोधाशोध करणारे कोणी नसते. सरकारचा चौकशी करणारा माणूस हाच त्यांचा पहिला आणि शेवटचा शोधक.

आणि शोधण्यासारखे किती असते, ते पाहा. १९९४ मध्ये पुण्यात पौड रस्त्यावर एका घरातल्या सात जणांचा खून झाला. या गुन्ह्यात फाशी झालेल्यांपैकी एक मुलगा राजस्थानातल्या बिकानेरकडचा. खटल्याच्या कागदांत त्याचे वय विशीच्या वर लिहिलेले. नाव मात्र शाळेत एक आणि पोलिसांच्या कागदांत दुसरे. गावाकडच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात त्याची जन्मतारीख होती. ती तारीख धरली तर गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि दयेचा अर्ज एवढ्या पायऱ्यांवरून हे प्रकरण गेले. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे मान्य करून त्याला सोडले, तेव्हा तुरुंगात त्याची अठ्ठावीस वर्षे झाली होती. वय हा गृह मंत्रालयाच्या यादीतला पहिला मुद्दा. ‘वय’ या रकान्यात आरोपपत्रातला आकडा उतरवून घ्यायचा, की शाळेत पत्र पाठवून जनरल रजिस्टरची नक्कल मागवायची, एवढाच फरक.

दुसरे प्रकरणही महाराष्ट्रातलेच. २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, बलात्कार आणि खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे नंतर निष्पन्न झाले. २०१८ मध्ये न्यायालयाने स्वतःचा निकाल मागे घेतला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. घटनेनंतर लगेचच प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांच्या फोटोंच्या फाइलीतून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते. त्या दिशेने तपास झालाच नाही. ही गोष्ट बाहेरून कोणी आणलेली नव्हती. खटल्याच्या कागदांतच होती. मूळ कागदपत्रे मागवून शेवटपर्यंत वाचणारा एक माणूस दयेच्या टप्प्यावर असता, तर केहरसिंग निकालाने राष्ट्रपतींना दिलेला पुरावा तपासण्याचा अधिकार कशासाठी आहे, हे या प्रकरणात दिसले असते.

तुरुंगातली चौकशी हे वेगळे कौशल्य आहे. ‘वर्तणूक समाधानकारक’ या दोन शब्दांनी काही कळत नाही. भेटीचे रजिस्टर पाहावे. कोण येत होते, कधीपासून यायचे थांबले. रजेवर सोडले असेल, तर तो वेळेवर परतला का. तुरुंगाच्या दवाखान्याच्या नोंदी पाहाव्यात. शत्रुघ्न चौहान खटल्यात २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांची फाशी रद्द केली. त्यांत उत्तराखंडमधला एक बंदी स्किझोफ्रेनियाचा रुग्ण होता. त्याच निकालात न्यायालयाने बजावले, की पोलीस कागदपत्रे, तिन्ही न्यायालयांचे निकाल आणि इतर सर्व साहित्य एकाच वेळी, मुदत घालून मागवावे. एकेक कागद आठवेल तसा मागवत बसू नये. ज्याने सरकारी कार्यालयात एकदा तरी ‘त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे’ हा शेरा वाचला आहे, त्याला ही सूचना कुठून आली ते सांगायला नको.

दिरंगाईबद्दल महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे काही नाही. बालकांच्या अपहरण आणि खुनांच्या कोल्हापूरच्या गाजलेल्या प्रकरणात दोघी बहिणींची फाशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दयेचे अर्ज झाले, ते २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी फेटाळले. अर्जांच्या निपटाऱ्याला सात वर्षे दहा महिने लागले असे मोजून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली आणि अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीवर बोट ठेवले. पुण्यात २००७ मध्ये एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये अर्ज फेटाळल्यावरही फाशीचे वॉरंट निघायला एप्रिल २०१९ उजाडला. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दोघांची फाशी बदलून एकूण पस्तीस वर्षांची कैद ठरवली.

या दोन्ही निकालांनी लोक संतापले. राग न्यायालयांवर निघाला. तो तिथे निघायला नको होता. फाशीच्या छायेत माणसाला वर्षानुवर्षे विनाकारण टांगून ठेवणे हीच एक यातना आहे, हे तत्त्व आता पक्के आहे आणि ते बरोबर आहे. पण मेलेल्या मुलीच्या आईवडिलांनीही तेवढीच वर्षे वाट पाहिली, त्यांच्या वाट्याला काहीच आले नाही आणि ज्या टेबलांवर नस्ती पडून राहिली त्यांच्यावरही काही आले नाही. दिरंगाईची किंमत दोन्ही घरांनी भरली.

पुण्याच्या बीपीओतील तरुणीच्या त्याच प्रकरणात ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे अपील फेटाळले आणि सर्व राज्यांना आदेश दिले. गृह किंवा कारागृह विभागात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन करावा, त्याला जबाबदार अधिकारी नेमावा, विधि व न्याय विभागाचा एक अधिकारी जोडून द्यावा. कारागृहाने अर्ज येताच पोलीस ठाण्याकडून ठरावीक माहिती मागवावी: पूर्वीचे गुन्हे, कुटुंबातील माणसे, बंद्याची आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती, अटकेची तारीख, कच्च्या कैदेत गेलेला काळ, आरोपपत्राची तारीख. गोपनीय नसलेला पत्रव्यवहार ईमेलने करावा. आपल्याकडे दयेच्या चौकशीला प्रथमच एक पत्ता मिळाला, तो असा.

त्याआधी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली होती. तिच्या ४७२ व्या कलमाने फाशीच्या अर्जांना मुदती घातल्या. अपील फेटाळल्याचे कारागृह अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. राज्यपालांनी नाकारल्यास ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्य सरकारचे अभिप्राय आणि कारागृहाची कागदपत्रे हाती आल्यापासून ६० दिवसांत केंद्राने शिफारस करायची. राष्ट्रपतींचा निर्णय ४८ तासांत राज्याच्या गृह विभागाला आणि अधीक्षकांना कळवायचा. एक गोष्ट चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल. केंद्राचे ६० दिवस सुरू होतात ते राज्याचा अभिप्राय पोचल्यावर. तो तयार करायला राज्याला किती दिवस, ते कलम सांगत नाही. पूर्वी नस्त्या जिथे अडकत होत्या, ती जागा मोकळीच राहिली.

माझी भीती मात्र उलटी आहे. नवा कक्ष वक्तशीर टपालपेटी होऊन बसेल, ही. न्यायालयाने सांगितलेली माहिती ही कमीत कमी माहिती आहे. ‘आर्थिक स्थिती : गरीब’ एवढे लिहूनही तो रकाना भरतो. भटक्या जमातीतले ते सहा जण आणि बिकानेरचा तो मुलगा, सगळ्यांचे रकाने वेळेत आणि व्यवस्थित भरले गेले असते, तरी काहीच उघडकीला आले नसते. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२ च्या निकालाने फाशी देण्याआधीच आरोपीचे बालपण, शिक्षण, कुटुंब, मानसिक स्थिती आणि तुरुंगातले वर्तन यांची माहिती न्यायालयासमोर आणण्याचा आग्रह धरला. ते होऊ लागले तर दयेच्या टप्प्यावरचे ओझे हलके होईल. पण त्याआधी शिक्षा झालेले बंदी आज फाशीच्या यार्डात आहेत आणि त्यांच्यासाठी ही शेवटची चौकशी आहे.

परदेशात हे काम पद म्हणून उभे आहे. अमेरिकेत न्याय खात्यात दयेच्या अर्जांसाठी पार्डन अ‍ॅटर्नीचे स्वतंत्र कार्यालय आहे. शिक्षा भोगून बाहेर आलेल्याने माफी मागितली तर साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते, नात्यात नसलेल्या तिघांची चारित्र्याबद्दलची शपथपत्रे द्यावी लागतात आणि एफबीआयचे लोक शेजारी, मालक, ओळखीचे यांच्याकडे जाऊन चौकशी करतात. काही राज्यांत पॅरोल मंडळांकडे यासाठी वेगळे तपासनीस असतात. एवढे असून तिथेही चूक होते. अ‍ॅलाबामातल्या अमली पदार्थांच्या प्रकरणात तीन जन्मठेपा झालेल्या एका तरुणाच्या अर्जावर शिक्षा देणारे न्यायाधीश आणि सरकारी वकील दोघेही शिक्षा कमी करण्याच्या बाजूचे होते. अध्यक्षांच्या कार्यालयाकडे गेलेल्या शिफारशीत ते नीट मांडलेच गेले नाही. २००८ मध्ये अर्ज फेटाळला गेला. खात्याच्याच महानिरीक्षकांनी डिसेंबर २०१२ मध्ये त्याची चौकशी करून दोष दाखवला आणि पुढच्या वर्षी ओबामांनी त्या माणसाची शिक्षा कमी केली. आपण त्यांच्याकडून घ्यायचे असेल तर पदापेक्षा ही शेवटची गोष्ट घ्यावी: चौकशी करणाऱ्याचीही चौकशी झाली आणि ती छापली गेली. आपल्याकडे एपुरू सुधाकर निकालातल्या त्या परिवीक्षा अधिकाऱ्याचे पुढे काय झाले, ते सार्वजनिक चर्चेत कधी आलेच नाही.

चौकशी करणाऱ्याला माझ्या दृष्टीने तीन सवयी लागतात. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहायचे. निष्कर्ष शेवटी लिहायचा आणि त्याच्यावर सही करताना आपण कशाच्या आधारावर हे म्हणतो ते सांगता आले पाहिजे. आणि दोन्ही घरी जायचे; बंद्याच्या घरी जाणारे थोडे असतात, मेलेल्याच्या घरी जाणारे त्याहून थोडे. त्या घराचे म्हणणे बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही, ते सरळ ‘तीव्र विरोध’ असे गृहीत धरले जाते. विचारल्यावर तीव्र विरोध असू शकतो, नसूही शकतो. ते घर काय म्हणते, ते त्याच्या शब्दांत कागदावर यावे.

दया हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर मोठी माणसे येतात: राष्ट्रपती, राज्यपाल, गृहमंत्री. पुढील पानांत ती क्वचितच भेटतील. भेटतील ते हवालदार, तुरुंगाधिकारी, परिवीक्षा अधिकारी, कक्ष अधिकारी आणि कारकून. त्यांच्यापैकी कोणी हे पुस्तक हाती घेतले, तर त्यांनी ते आपल्या कामाचे पुस्तक समजून वाचावे, त्यात जिथे चुकले आहे तिथे समासात लिहावे.

बाकीच्या वाचकांना एकच विनंती. तुम्ही शाळेत मुख्याध्यापक असाल, ग्रामपंचायतीत असाल, पोलीस पाटील असाल किंवा नुसते शेजारी असाल, आणि एखाद्या दिवशी खाकी कपड्यांतला किंवा साध्या वेशातला माणूस एखाद्या बंद्याबद्दल विचारायला आला, तर त्याला घाईने वाटेला लावू नका. बसवा, जुने रजिस्टर काढा, माहीत असेल ते सांगा, माहीत नसेल ते माहीत नाही म्हणून सांगा. आणि त्याने लिहिलेला जबाब सही करण्यापूर्वी पूर्ण वाचून घ्या.